हिरव्या पासपोर्टवरचा ‘चायना’

हॉटेलच्या रिसेप्शनवर, बँकेत केवायसीच्या टेबलावर, कंपनीच्या एचआरमध्ये आणि विमानतळाच्या चेक-इन काउंटरवर बसणाऱ्या सर्व मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी चाकण-तळेगाव पट्ट्यात चिनी भाषेची दुभाषी म्हणून काम करते. चौदा वर्षं झाली. मशीन बसवायला, साचे लावायला, नवी लाइन सुरू करून द्यायला तैवानहून माणसं येतात. त्यांच्याबरोबर शॉपफ्लोअरवर उभं राहायचं आणि इकडचं तिकडे, तिकडचं इकडे सांगायचं, हे माझं दिवसाचं काम. रात्रीचं काम माझ्या करारात कुठंच लिहिलेलं नाही, पण तेही माझ्याच गळ्यात पडतं. पाहुण्याचा पासपोर्ट तुमच्या टेबलावर पोचला की माझा फोन वाजतो. “मॅडम, हे चायनाचेच ना?”

नाही हो. हेच एकदा नीट सांगावं म्हणून हे पत्र.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. दोन इंजिनिअर मुंबईला उतरून गाडीनं चाकणला पोचले तेव्हा रात्रीचा पाऊण वाजला होता. त्यातले एक साठीला आलेले, दुसरा त्यांचा हाताखालचा पोरगा. रिसेप्शनवरच्या मुलानं पासपोर्ट उघडला, राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘रिपब्लिक ऑफ चायना’ वाचलं आणि कॉम्प्युटरवरच्या यादीत ‘चायना’ निवडलं. पाहुण्यानं पासपोर्ट मिटून मुखपृष्ठावर बोट ठेवलं आणि म्हणाला, “ताइवान.” मुलानं विचारलं, “थायलंड?” ते दोघं एकमेकांकडे बघून हसले आणि खोलीवर गेले. सतरा तासांच्या प्रवासानंतर भांडायला कुणाच्या अंगात त्राण असतं?

सकाळी नऊला चौकशीचा फोन आला. परदेशी पाहुण्याची माहिती हॉटेलनं चोवीस तासांत सरकारला कळवायची असते. तो ‘सी फॉर्म’ मुलानं रात्रीच भरून टाकला होता. (कायदा २०२५ मध्ये नवा आला, पण तोंडातला ‘सी फॉर्म’ काही जात नाही.) फॉर्मवर चायना, व्हिसावर तैवान. मग एकाच पासपोर्टवर हा माणूस दोन देशांचा कसा? विचारणाऱ्याचं काहीच चुकलं नव्हतं. मी गेले, हॉटेलच्या मॅनेजरला गाठलं, फॉर्म दुरुस्त झाला, पण दुपारचे दोन वाजले. कारखान्यात मशीन तापवून ठेवलं होतं, ते तसंच तापत राहिलं. प्लँट हेड मला जे बोलले ते इथं लिहीत नाही.

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्यानं कागदावर जे होतं तेच वाचलं, आणि घोळ मुळात त्या कागदातच आहे.

तैवानच्या सरकारचं अधिकृत नाव ‘रिपब्लिक ऑफ चायना’, म्हणजे चीनचं प्रजासत्ताक. १९१२ मध्ये चीनची बादशाही संपून हे प्रजासत्ताक आलं. पुढे यादवी युद्ध झालं, १९४९ मध्ये माओच्या कम्युनिस्टांनी ‘पीपल्स रिपब्लिक ऑफ चायना’ची घोषणा केली आणि जुनं सरकार समुद्र ओलांडून तैवान बेटावर गेलं. जाताना देशाचं नावही सोबत घेऊन गेलं. भावकीत वाटणी व्हावी आणि दोघांनीही दारावर एकाच आडनावाची पाटी लावावी, तसं ते झालं. भारतानं १९४९ च्या डिसेंबरातच बीजिंगच्या सरकारला मान्यता दिली. २५ ऑक्टोबर १९७१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २७५८ क्रमांकाचा ठराव करून चीनची खुर्ची बीजिंगला दिली आणि एकेक देश तैवानच्या राजधानीतला, तैपेईमधला, आपला दूतावास बंद करू लागला. २०२४ च्या जानेवारीत नाऊरूनंही संबंध तोडले तेव्हा तैवानला देश म्हणून मान्यता देणारे बारा उरले. पॅराग्वे, ग्वाटेमाला, एस्वातिनी, पलाऊ, व्हॅटिकन वगैरे.

पासपोर्टचं मुखपृष्ठ या सगळ्या ओढाताणीत सापडलं. २००३ पर्यंत त्यावर ‘तैवान’ हा शब्दच नव्हता. त्या वर्षी तो इंग्रजीत खाली आला. मग २०२० च्या सुरुवातीला कोरोना आला आणि चीनमधून येणाऱ्यांवर बंदी घालताना इटलीनं तैवानची विमानंही थांबवली, फिलिपिन्सनं काही दिवस तैवानी प्रवाशांना मज्जाव केला. रोग एकीकडे आणि दार बंद दुसऱ्यावर. त्या उन्हाळ्यात तिथल्या संसदेनं ठराव केला आणि ११ जानेवारी २०२१ पासून नवे पासपोर्ट निघाले. त्यावर ‘तैवान’ ठळक आणि मोठ्या अक्षरांत आहे, आणि ‘रिपब्लिक ऑफ चायना’ हे इंग्रजी शब्द सूर्याच्या बोधचिन्हाभोवती इतके बारीक झालेत की माझ्यासारखीला चष्मा लावावा लागतो. वर चिनी लिपीतलं अधिकृत नाव मात्र तसंच आहे. ते बदललं तर बीजिंग काय करील, या विचारानं भल्याभल्यांची झोप उडते. आणि आतल्या पानावर, जिथं तुमची नजर जाते त्या राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात, अजूनही ‘रिपब्लिक ऑफ चायना’च आहे. मुखपृष्ठ एक सांगतं आणि आतलं पान दुसरंच.

मग तुम्ही काय करायचं? फोटोच्या पानावर देशाचा तीन अक्षरी कोड असतो. तैवानचा टी-डब्ल्यू-एन. चीनचा सी-एच-एन. पानाच्या तळाशी बाणांच्या खुणा असलेल्या ज्या दोन ओळी मशीन वाचतं, तिथंही पहिल्या ओळीत ‘पी’नंतर हाच कोड येतो. तो बघा आणि तेच भरा. रंगावर जाऊ नका. तैवानचा हिरवा आणि चीनचा मरून हे खरं, पण मकाऊचाही हिरवाच असतो आणि त्याचा कोड सी-एच-एन असतो. पाकिस्तानचा हिरवा तर आपल्याला माहीतच आहे. एका हॉटेलात नुसता हिरवा रंग बघून वॉचमन सावध झाल्याचं मी पाहिलंय. यादीत तैवान कुठं सापडतं? ‘टी’मध्ये, ताजिकिस्तानच्या वर. काही सॉफ्टवेअरमध्ये ‘तैवान, प्रॉव्हिन्स ऑफ चायना’ असं दिसतं. ते आंतरराष्ट्रीय कोडांच्या यादीतून जसंच्या तसं आलेलं असतं. पाहुण्याला ते बघून आनंद होणार नाही, पण फॉर्म बरोबर भरला जाईल. स्क्रीन त्याच्याकडे वळवू नका म्हणजे झालं.

आता तुमच्यातल्या जाणकारांचा प्रश्न. गेल्या वर्षी एका बँकेतल्या साहेबांनी तो मला अगदी वकिली थाटात विचारला होता. भारत सरकारच तैवानला देश मानत नाही, मग आम्ही कागदावर ‘तैवान’ कसं लिहायचं? उद्या कुणी विचारलं तर?

साहेब, उत्तर सरकारच्याच ई-व्हिसाच्या यादीत आहे. तिथं तैवान वेगळं नाव आहे. चीनच्या नागरिकांचे पर्यटक व्हिसा भारतानं २०२० मध्ये थांबवले आणि २०२५ च्या जुलैमध्ये पुन्हा सुरू केले. दोन्ही पासपोर्ट सरकारच्या लेखी एक असते तर मधल्या वर्षांत आमच्या चाकणच्या लाइनी सुरू करायला कोण आलं असतं? मुंबई विमानतळावर इमिग्रेशनचा अधिकारी त्या हिरव्या पासपोर्टवर शिक्का मारतो, वेगळ्या कागदावर मारत नाही. राज्याला मान्यता देणं हे दिल्लीचं काम. समोरच्या माणसाची ओळख पटवणारा कागद खरा आहे की नाही, एवढंच बघणं हे तुमचं-माझं. जगभर असंच चालतं. मान्यता देणारे देश बारा, पण त्या पासपोर्टवर व्हिसाशिवाय किंवा विमानतळावरच व्हिसा मिळून जाता येतं असे देश शंभराच्या पुढे. २०११ पासून युरोपातले शेंगेन देश, २०१२ पासून अमेरिका. आपल्या निळ्या पासपोर्टला सगळं जग मान्यता देतं, आणि बीकेसीत अमेरिकेच्या व्हिसासाठी सकाळी सहाला रांगेत आपणच. हे सांगताना पाहुणा हसला तर मला राग येत नाही, पण थोडं लागतं.

दिल्लीही या बाबतीत बोलते एक आणि वागते एक, हे कबूल करायला हवं. १९९५ मध्ये दोन्हीकडे कार्यालयं उघडली तेव्हा आपल्या तैपेईतल्या कार्यालयाचं नाव ‘इंडिया-तैपेई असोसिएशन’ ठेवलं. त्यांचं दिल्लीतलं ‘तैपेई आर्थिक आणि सांस्कृतिक केंद्र’. पुढे तसंच चेन्नईत आणि १६ ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईत. काम सगळं दूतावासाचं, पाटीवर मात्र फक्त राजधानीचं गाव. पूर्वी आपल्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायचं नसे, ‘आमच्या घरातले’ म्हणायचे, तशातली ही तऱ्हा. २०१८ मध्ये चीननं परदेशी विमान कंपन्यांना पत्रं पाठवली तेव्हा, त्या वेळी सरकारी असलेल्या एअर इंडियानंही आपल्या संकेतस्थळावर तैवानचं ‘चायनीज तैपेई’ केलं. तेव्हा बँकेतल्या माणसाचा गोंधळ उडाला तर नवल नाही. पण सरकारी संकोच पाटीपुरता आहे, व्हिसाच्या फॉर्मवर तो नाही, आणि तुम्ही भरता तो फॉर्मच.

आणि हा विषय आपल्याला परका का वाटावा? कागदाच्या तुकड्यावरून माणसाला ‘तू कुठला’ हे ऐकवलं जाणं आपल्या लोकांनीही भोगलंय. २०२३ च्या जुलैमध्ये चेंगडूच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेसाठी निघालेल्या अरुणाचलच्या तीन वुशू (चिनी युद्धकला) खेळाडूंना चीननं पासपोर्टवर व्हिसा न देता वेगळा कागद स्टेपल करून दिला. भारतानं तो मानला नाही आणि वुशूचा संघच पाठवला नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात शांघाय विमानतळावर विमान बदलायला उतरलेल्या एका भारतीय बाईला, जन्मस्थान अरुणाचल आहे म्हणून पासपोर्टच अवैध असं सांगून, तासन्‌तास अडकवून ठेवलं. त्याआधी २०१२ मध्ये चीननं स्वतःच्या पासपोर्टच्या पानांवर असा नकाशा छापला होता ज्यात अरुणाचल, अक्साई चीन आणि तैवान तिन्ही त्यांचेच. तेव्हा आपल्या अधिकाऱ्यांनी चिनी प्रवाशांच्या व्हिसावर भारताचा नकाशा उमटवायला सुरुवात केली. शांघायची बातमी आली त्या दिवशी माझ्यासोबतच्या तैवानी इंजिनिअरनं मोबाइल पुढे करून विचारलं, “हे तुमच्या इथलं?” मी हो म्हटलं. त्यानं चहाचा कप माझ्याकडे सरकवला. त्यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही.

सगळे तैवानी यावर एकाच सुरात बोलतात असं मात्र समजू नका. ते साठीचे गृहस्थ मला एकदा म्हणाले होते, “आम्ही चिनी आहोतच, पण चीनचे नाही.” त्यांच्या हाताखालचा तो पोरगा ‘चिनी’ म्हटलं तरी ताठ होतो. २०१५ च्या सुमारास तिथल्या काही तरुणांनी पासपोर्टवरच्या ‘रिपब्लिक ऑफ चायना’वर ‘रिपब्लिक ऑफ तैवान’चे स्टिकर चिकटवले होते आणि सिंगापूरनं अशा काहींना परत पाठवलं. म्हणजे भांडण त्यांच्या घरातही आहेच. तुम्ही त्यात पडू नका. “नी हाओ” म्हणा, कोड बघा, चावी द्या.

बँक आणि एचआरच्या मंडळींशी थोडं जास्त बोलायचंय, कारण हॉटेलातली चूक अर्ध्या दिवसात निस्तरते, तुमची महिनाभर पुरते.

पहिलं तेच, देश. भारताला जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला १७ एप्रिल २०२० पासून सरकारची आधी मंजुरी लागते, आणि अशा देशाच्या नागरिकाला कंपनीवर संचालक नेमायचं तर जून २०२२ पासून गृह मंत्रालयाची सुरक्षा मंजुरी. आमच्या ओळखीच्या एका छोट्या कंपनीत तैवानी भागीदाराचा फॉर्म भरताना सीएकडे आर्टिकलशिप करणाऱ्या शिकाऊ मुलानं राष्ट्रीयत्वाला ‘चायना’ टिक केलं. फॉर्मनं लगेच ती मंजुरी मागितली. सगळे घाबरले, वकील बघा, दिल्लीत कुणी ओळखीचं आहे का बघा. तीन आठवड्यांनी मोठ्या सीएंनी पासपोर्टची झेरॉक्स हातात घेतली, कोड बघितला आणि पोराकडे चष्म्यावरून नुसतं पाहिलं. फॉर्म पुन्हा भरला, काम पुढे सरकलं.

दुसरं, साल. पासपोर्टवर तारखा इंग्रजी कॅलेंडरच्याच असतात, पण डिग्री, घरनोंदणीचा उतारा, अनुभवाचा दाखला यांवर तैवानचं स्वतःचं साल असतं. १९१२ हे पहिलं वर्ष. त्यामुळे १०४ साली मिळालेली डिग्री म्हणजे २०१५ ची. एका एचआरबाईंनी ती डिग्री बनावट म्हणून बाजूला ठेवली होती. “मॅडम, १०४ साली कॉलेज होतं का?” मी त्यांना आपल्या भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये शके १९३७ शोधायला सांगितलं, तेही २०१५ चंच. त्याहून फसवा प्रकार जन्मसालाचा. उताऱ्यावर ६२ लिहिलं असेल तर ते १९६२ नसतं, १९७३ असतं. अकरा मिळवायचे. हे न कळल्यामुळे एका पन्नाशीच्या माणसाला आपण निवृत्तीच्या वयाचं करून टाकलं होतं आणि विम्याचा हप्ता त्यावर ठरवला होता.

तिसरं, नाव. आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग दोन अक्षरांचं नाव मध्ये आडव्या रेघेनं जोडलेलं. बँकेचं सॉफ्टवेअर ती रेघ घेत नाही, मग कुणी जोडून लिहितो, कुणी तोडून, कुणी दुसरं अक्षर मधलं नाव म्हणून टाकतो. विमानाच्या तिकिटावर एक, खात्यावर दुसरं, पॅनवर तिसरं. तुमच्याच संस्थेत कसं लिहायचं ते एकदा ठरवा आणि सगळीकडे तसंच लिहा. आणि दोन तैवानी भावांच्या आडनावांचं स्पेलिंग वेगळं दिसलं तर संशय घेऊ नका; आपल्याकडेही एका घरात एक सावंत ‘व्ही’नं आणि दुसरा ‘डब्ल्यू’नं असतोच.

चेक-इन काउंटरवरच्यांनो, तुमच्यासाठी एकच गोष्ट, पण ती मजेची आहे. तैवानचा माणूस मुंबईहून शांघायला निघाला की तुम्ही पासपोर्टची पानं उलटता आणि चीनचा व्हिसा शोधता. तो सापडणार नाही. चीन तैवानचा पासपोर्ट मानतच नाही, मग त्यावर व्हिसा कसा चिकटवणार? त्याऐवजी चीन या लोकांना स्वतःचा एक परवाना देतं. पूर्वी ती पुस्तिका होती, २०१५ पासून एटीएमसारखं कार्ड आहे. त्याला बोलीत ‘ताय-पाओ-चंग’ म्हणतात. त्यातल्या ‘पाओ’चा मूळ अर्थ गर्भाची पिशवी, एका उदरातून आलेले ते सगळे ‘पाओ’. म्हणजे चोख मराठीत सांगायचं तर हा ‘सहोदर परवाना’. तुमचा देश आम्ही मानत नाही, पण तुम्ही आमच्याच आईच्या पोटचे, असं म्हणणारा कागद! हातात हिरवा पासपोर्ट आणि खिशात तो परवाना, असे हे लोक मुंबईहून उड्डाण करतात आणि उतरल्यावर पासपोर्ट खिशात घालून परवाना बाहेर काढतात. एका पाहुण्याला काउंटरवर चाळीस मिनिटं उभं केलं होतं. सुपरवायझर आले, त्यांना हे कार्ड माहीत होतं, दोन मिनिटांत बोर्डिंग पास निघाला. तेव्हा व्हिसा दिसला नाही तर ‘कार्ड आहे का’ एवढं विचारा. ते नसेल तर मग सुपरवायझरना विचारा.

मागणं माझं एवढंच आहे. हे पत्र हवं तर प्रिंट करून ड्रॉवरमध्ये टाका, नाहीतर नुसता कोड एका चिठ्ठीवर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवा. ज्या मुलानं त्या रात्री ‘थायलंड?’ विचारलं होतं, त्यानं तशी चिठ्ठी चिकटवली आहे; शिवाय खाली पेननं ‘थायलंड = टीएचए’ असंही लिहून ठेवलंय, माझी चेष्टा म्हणून.

येत्या सोमवारी रात्री अकरा पंचवीसच्या विमानानं दोघं उतरतायत. चाकणला पोचेपर्यंत अडीच वाजतील. दोघांचेही पासपोर्ट हिरवे आहेत, आणि मी त्या रात्री फोन सायलेंटवर ठेवून झोपायचं ठरवलंय.

आपली,
चाकणची एक दुभाषी